त्याचं चांगलं सांगू नका

वाटूर,
पौष वद्य पंचमी, सन १३४४ फसली

चि. सौ. चतुराबाईस सगुणाआक्काचा आशीर्वाद.

इकडं सगळं खुशाल हाये असं लिहायची रीत हाये, म्हणून लिहिते. तू तिकडं बदनापूरला दोन घास नीट खात असशील तर तेवढं कळव, म्हणजे माझीही खुशाली खरी होईल.

इथं धुकं फार पडून राह्यलं. सकाळी दारात उभी राहिले तर गोठा दिसत न्हाई, बैलांच्या घंट्या तेवढ्या ऐकू येतात. शाळू माणसाच्या गळ्याइतका झालाय. त्यातून कोणी चाललं तर नुसतं पागोटं तरंगत गेल्यासारखं दिसतं. काल असंच एक पागोटं दिसलं अन् मी आपला बद्री परतला समजून हाक मारली. शेजारचा रामकिसन होता. ओ दिली बिचाऱ्यानं.

तुझी म्हैस माझ्या हाताला पान्हा सोडत न्हाई. तुझं जुनं लुगडं अंगावर घेऊन बसते, तेव्हा कुठं फसते. तेही अर्धंच. मधीच मान वळवून माझ्या तोंडाकडं बघते अन् पाय आखडते.

जालन्याला जाऊन बद्रीला भेटून आले. हवालातीत हाये, पण तब्येत बरी हाये. त्यानं पहिलं तुझंच विचारलं. मी म्हणाले, माहेरी गेलीय, ऊन पडलं की येईल. असं का म्हणाले काय माहीत. ऊन तर रोजच पडतं.

तू माझ्यावर रागावून गेलीस ते माझ्या ध्यानात हाये. भुजंगरावाची कडब्याची गंजी मार्गशीर्षात पहाटेची पेटली. बांधावरून त्याचं अन् बद्रीचं भांडण साऱ्या वाटूरनं ऐकलेलं, म्हणून पोलिसांनी बद्रीला नेलं. गाव आपल्या बाजूनं उभं राह्यलं. गाड्या जुंपल्या. महादेवाचा बेल अन् खंडोबाचा भंडारा ताटात घेतला. सगळे मुन्सफसाहेबांसमोर बेलभंडार उचलून शपथेवर सांगणार होते की बद्रीनाथ सोन्यासारखा माणूस हाये. अन् मी, त्याची सख्खी बहीण, वेशीत बैलांच्या म्होरं आडवी उभी राह्यले. म्हणाले, बद्रीचं चांगलं सांगायला कोणी जायचं न्हाई. तू पहिल्या गाडीत बसलेली होतीस. खाली उतरलीस, माझ्याकडं पाह्यलंस, अन् दुसऱ्या दिवशी परतूरहून रेल्वेनं गेलीस. तुझ्या जागी मी असते तर मीही गेले असते, पण जाताना चार शब्द ऐकवून गेले असते. तू काहीच बोलली न्हाईस, ते जास्त लागलं.

आता रामकिसन सांगून राह्यला की पुढच्या तारखेला काकासाहेब स्वतः साक्षीला उभे राहणार. चतुरा, तुझ्या वडिलांना येऊ देऊ नको. थंडी फार हाये. कोर्टात टेकायला जागा मिळत न्हाई, अन् काळ्या कोटातली पोरं चांगल्या माणसाला उलटसुलट विचारून त्याचा मामा करतात. वकीलसाहेबांचीही मनाई हाये. का म्हणशील, तर वकिलाच्या गोष्टी वकिलाला ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं समज अन् गप ऱ्हा.

जास्त लिहीत न्हाई. तुला लिहिते, पण वाचून दाखवणार काकासाहेब, मंग नणंद-भावजयीचं काय बोलायचं? काकासाहेब, रामराम. खोकला कमी हाये का?

लिहिता लिहिता दुपारचा डोळा लागला. सपनात कोर्ट होतं, पण खाली फरशी न्हाई, दुधना नदीचं पाणी. मुन्सफसाहेब, वकील, भुजंगराव, सगळे आपापल्या खुर्चीवर बसून हळूहळू वाहत चालले होते अन् कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. बद्री मला हात हलवून राह्यला होता. एक म्हातारा तेवढा काठावर बसलेला. तो वाहत नव्हता, वाट बघत होता. जाग आली तर म्हैस ओरडून राह्यली होती.

तुझा राग राहू दे, पण माझं ऐक.

तुझी,
सगुणाआक्का

---

वाटूर,
माघ शुद्ध दशमी

चि. सौ. चतुराबाईस आशीर्वाद.

म्हैस आता माझ्या हाताला दूध देऊन राह्यली. लुगडं लागत न्हाई. तुला वाईट वाटेल म्हणून लिहिणार नव्हते. शाळूला दाणा भरला. पाखरं हाकायला मी स्वतः मचाणावर बसते. वर बसलं की खाली सगळं हलतं अन् आपण थांबलेले, त्यात ऊन कोवळं, त्यामुळं पाखरं खाऊन जातात अन् मी नुसती बघत बसते. रामकिसन म्हणाला, आक्का, तुमच्यापेक्षा बुजगावणं बरं, ते निदान झोपत न्हाई.

तुमच्याकडचं पत्र पावलं. अक्षर काकासाहेबांचं, शब्दही त्यांचेच. "ज्याला मी माझी लेक दिली तो आगलाव्या न्हाई, हे भर कोर्टात बेलभंडार उचलून सांगणार. कोण अडवतो बघू." तीनदा वाचलं. अभिमान वाटला अन् भीतीही वाटली.

म्हणून परत वकीलसाहेबांकडं गेल्ते. म्हणाले, काकासाहेब ऐकत न्हाईत, साऱ्या मुलखात त्यांचा शब्द चालतो, त्यांना येऊ द्या की. वकीलसाहेबांनी पानाचा डबा बंद केला.

"बाई, गाव का प्यार घर में रखो. कोर्ट में नक्को लाओ."

मी म्हणाले, "साहेब, चांगलं सांगितल्यानं वाईट कसं होईल?"

"कायदा ऐसा है. मुल्जिम बुरा आदमी है, ये बात सरकारी वकील अपने मुँह से निकाल नहीं सकता. इजाजतच नहीं. मगर अपन बोले के अच्छा आदमी है, तो दरवाजा अपनच खोले. फिर वो भी अंदर आते."

मला ते बराबर कळायला रेल्वेत बसावं लागलं. आपल्याकडं पंच बसले की आधी विचारतात, कोणाचा कोण, घराणं कसं, वागणूक कशी. काय केलं ते शेवटी. कोर्टात उलटं हाये. माणसाला बाहेर ठेवतात अन् काम तेवढं आत नेतात. गंजी यानं पेटवली का न्हाई, बस. माणूस कसा, हे आरोपीच्या बाजूनं काढलं तरच निघतं, अन् एकदा निघालं की मंग सगळंच निघतं. गाव बिचारं भाबडेपणानं निघालेलं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, अशी गत झाली असती.

काकासाहेब, आता इथं थांबा. चतुरा समोर बसली असेल तर तिला कशाला तरी बाहेर धाडा. इथून पुढचं तिला न्हाई, तुम्हाला हाये.

लग्न ठरवताना तुम्हाला सांगितलं की मुलगा वऱ्हाडात कापसाच्या कारखान्यावर होता. कारखान्यावर तो एक हंगाम होता. पुढची दोन वर्षं तुरुंगात होता. तिथल्या मुकादमानं याच्या सोबत्याला खांबाला बांधून मारलं, अन् यानं त्या मुकादमाची गंजी पेटवली. कडब्याचीच. पळाला न्हाई. विचारल्यावर हो म्हणाला अन् शिक्षा भोगली. ओठावर मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. आमच्या वडिलांनी ठरवलं की हे इकडं कळू द्यायचं न्हाई, अन् त्यांच्यापुढं मी बोलले न्हाई. तो मुलूख इंग्रजाचा, हा निजामाचा. तिकडची गोष्ट हद्दीपलीकडंच राह्यली.

आता ती इकडं आलीय. दर तारखेला कोर्टाच्या बाकावर एक वऱ्हाडी म्हातारा येऊन बसतो. दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातावर. भुजंगराव त्याला चहा पाजतो. वकीलसाहेबांनी सांगितलं, तोच तो मुकादम. पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा मला वाटलं, याला मी कुठंतरी बघितलंय, अन् मंग आठवलं की सपनात. त्याला अजून कोणी हाक मारू शकत न्हाई, कारण आपण तोंड उघडलं न्हाई. तुम्ही उभे राहून "माझा जावई चांगला" म्हणालात की लगेच त्याचा पुकारा होईल. अन् एकदा गंजी पेटवलेला माणूस म्हटल्यावर दुसरी गंजी कोणी पेटवली, हे मंग कोण विचारत बसतंय?

मी वकीलसाहेबांना विचारलं होतं, असा कसा कायदा, खरं झाकून ठेवणारा? ते म्हणाले, "बाई, एक बार बुरा मालूम हो गया तो आदमी का दिल आगे की बात सुनताच नहीं."

हे खरं हाये हे मला कोणी पटवून द्यायची गरज न्हाई. त्या पहाटे गंजीचा उजेड घरात आला. सगळं गाव घागरी घेऊन पळालं. मी आधी बद्रीचं अंथरूण बघायला गेले. ते रिकामं होतं. तेव्हापासून आजपर्यंत मी त्याला विचारलेलं न्हाई. हवालातीत भेटते, भाकरी देते, चतुरा बरी हाये म्हणते अन् परत येते. तो माझ्याकडं बघतो अन् मी गजाकडं बघते. सख्खी बहीण असून माझं असं झालं, मंग परका मुन्सफ काय करेल? काकासाहेब, मला माझीच भीती वाटते. रात्रंदिवस मी त्याला माझ्या मनात शिक्षा देऊन राह्यले, अन् तो मला आक्का म्हणतो.

हे आजच का सांगितलं, तेही लपवत न्हाई. दोन गावांची भांडणं तुमच्या एका शब्दावर मिटलेली मी बघितलीत. तुम्ही बेल हातात घेऊन खोटं बोलायचे न्हाईत. काही ठाऊक नसताना तुम्ही "चांगला" म्हणाला असता तर ते तुमच्या तोंडी खरंच होतं, अन् त्या खऱ्यानं बद्री गेला असता. आता तुम्हाला ठाऊक झालं. आता तुम्हाला तो बेल उचलता येणार न्हाई. तुमच्याच खरेपणानं मी तुमचं तोंड बांधलं. दुसरा इलाज मला सुचला न्हाई.

चतुराला हे सांगायचं का न्हाई, लेक परत धाडायची का न्हाई, तुम्ही ठरवा. फसवलं म्हणालात तर मान खाली घालीन. फक्त तारखेला साक्ष देऊ नका. माझा भाऊ वाचू द्या, मंग आम्हाला काय बोलायचं ते बोला.

तुमच्यापुढं उभी राहायला तोंड नसलेली,
सगुणा

---

वाटूर,
फाल्गुन शुद्ध तृतीया

चि. सौ. चतुराबाईस आशीर्वाद.

तुझा नवरा सुटला. हे पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे ऐकता येईल.

कालचा दिवस अजून अंगावरून उतरला न्हाई. वाटतं की तो मी पाण्याखालून बघितला. कोर्टात पंखा ओढून राह्यले होते, ऊन खिडकीतून आत येऊन फरशीवर सरकत होतं, अन् माणसं बोलत होती ते लांबून बोलल्यासारखं कानावर येत होतं. भुजंगरावाचा सालगडी म्हणाला, बद्रीला गंजीपासून पळताना पाह्यलं. आपल्या वकीलसाहेबांनी विचारलं, तोंड पाह्यलं का? न्हाई, धुकं होतं, पाठमोरी घोंगडी पाह्यली. घोंगडी कशी? काळी. गावात आणखी कोणाची घोंगडी काळी हाये? तो विचार करून म्हणाला, सगळ्यांचीच. मुन्सफसाहेबसुद्धा हसले. मंग निघालं की आदल्या सांजेला भुजंगरावाच्याच पाव्हण्यांनी गंजीच्या पल्याड शेकायला आगटी पेटवलेली. ती विझवली का, हे पाव्हण्यांना सांगता येईना, भुजंगरावालाही येईना.

तेवढ्यात काकासाहेब दारातून आत आले. पांढरा स्वच्छ फेटा, खांद्यावर उपरणं. सगळे सरकून बसले. मला वाटलं, माझं पत्र पावलंच न्हाई. मुन्सफसाहेबांनी विचारलं, सफाईचा, म्हणजे आरोपीच्या बाजूचा, कोणी गवाह हाये का? अन् चतुरा, तुझे वडील उठून उभे राह्यले. पलीकडच्या बाकावर एक परका म्हातारा होता, तोही काठी टेकून अर्धा उठला. दोघं एकमेकांकडं बघत उभे. पंखा तेवढा चालू होता.

काकासाहेब म्हणाले, "साहेब, मी साक्षीला न्हाई आलो. हा माझा जावई हाये. त्याला दिसल असं बसायला आलो."

अन् खाली बसले. तो म्हाताराही बसला. दिवस मावळायच्या आत निकाल झाला. तो म्हातारा बाकावरून उठून टेशनाकडं निघून गेला. जाताना बद्री त्याच्याकडं बघत होता, अन् बद्रीनं हात जोडले. त्यानं ते बघितलं का न्हाई, कळलं न्हाई.

बाहेर लिंबाखाली मी काकासाहेबांच्या पाया पडले. विचारलं, चतुराला काय वाचून दाखवलंत? ते म्हणाले, "म्हशीचं वाचून दाखवलं. अन् बुजगावण्याचं. हसली." मंग म्हणाले, "बाकीचं माझ्या तोंडानं तिला कळायला नको. ज्याचं हाये त्यानं सांगावं." फसवलंत असं एका अक्षरानं म्हणाले न्हाईत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. ते बदनापूरच्या गाडीत बसले अन् आम्ही परतूरच्या.

गाडीत मी बद्रीला अखेर विचारलं. खिडकीतून बाहेर बघत विचारलं, त्याच्याकडं बघायचा धीर न्हाई झाला. तो म्हणाला, "आक्का, मी मोटेवर गेल्तो. बैलांना विचार." मंग म्हणाला, "विचारायला इतके दिवस का लावलेस?" मी रडले. समोरची बाई म्हणाली, माहेर सोडून चाललात का? मी हो म्हणाले. काय सांगणार?

तो खरं बोलला असं मी धरलंय. मनात कधी कधी उलटं येतं, ते येऊ देते अन् जाऊ देते. त्याला सोडायला मुन्सफाला जेवढं पुरलं, तेवढं बहिणीला पुरायला पाह्यजे.

आता तुझं. चतुरा, तुझ्यापासून या घरानं एक गोष्ट लपवून ठेवली. तुझ्या वडिलांना ती आता ठाऊक हाये, मला आधीपासून होती, अन् तुझ्या नवऱ्याची तर ती हायेच. लपवण्यात तुझा काही दोष न्हाई, अन् ऐकून तू काही बोललीस तर त्यातही तुझा दोष न्हाई. मी हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. बद्रीच्या हाती देते, अन् त्यालाच वाचून दाखवायला सांगते. तू आत्ता त्याच्या तोंडाकडं बघत असशील. हो, त्याला वाचता येतं. चांगलं येतं. लग्नाला एवढी वर्षं झाली अन् त्यानं तुझ्यापुढं कधी कागद हातात धरला न्हाई, कारण तू विचारलं असतंस, कुठं शिकलास.

ते आज विचार.

बद्री, इथवर वाचलंस तर कागदाची घडी घाल. पुढं मी काही लिहिलेलं न्हाई, अन् तुझ्या बाजूनं चांगला शब्द तर एकही घातला न्हाई. ती समोर बसलीय. आगीपासून सुरू कर.

तुम्हा दोघांचीही,
सगुणाआक्का